चौकटीचे चार कोपरे

वाळंजाईच्या सड्यावर पाणटिकलीची फुले सरळ रेषेत उगवतात, हे माझ्या लक्षात यायला अडतीस वर्षे लागली. माझ्याआधी ते यंत्राच्या लक्षात आले. यंत्राने त्याचे कारणही दिले, आणि ते कारण चुकीचे होते.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट, उघडा खडक; त्याची रचना थोडी सांगितली पाहिजे. सह्याद्रीचा माथा कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झाला. काही ठिकाणी हा माथा इतका सपाट आहे की त्यावर विमान उतरवता येईल. त्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. उन्हाळ्यात हा खडक तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात चार महिने पाण्याखाली असतो. अशा ठिकाणी झाडे टिकत नाहीत, पण फुले टिकतात. प्रत्येक जातीने आपली जागा ठरवून घेतलेली असते. एकीला खडकाची भेग लागते, दुसरीला वाहते पाणी, तिसरीला साचलेले. चार बोटे उंच, जांभळ्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या फुलाची पाणटिकली साचलेल्या उथळ पाण्यातच उगवते, आणि ज्ञात जगात ती या एकाच सड्यावर आहे.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन पाटबंधारे खात्यात भूमापक म्हणून लागलो. २००८ साली केळुसकर बाईंना सड्यावर कायमच्या मोजणी-चौकटी आखून देणारा माणूस हवा होता. बाई महाविद्यालयात शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी टाकलेल्या चौकटी दर वर्षी हातभर सरकत असत, आणि जागा सरकली की तुलनेला अर्थ राहत नाही. मी रजा घेऊन गेलो, आणि मग दर भाद्रपदात जात राहिलो. बाई गेल्या, मी निवृत्त झालो, तरी मोजणी थांबली नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा एकशे वीस चौकटी. लाकडी चौकट त्या जागी ठेवायची, आतली प्रत्येक पाणटिकली मोजायची आणि बेरीज वहीत लिहायची. २०१९ मध्ये सड्याच्या उत्तर अर्ध्या भागाला कुंपण घातले गेले. दक्षिण अर्ध्यात झोरेवाड्यातल्या गवळी धनगरांच्या म्हशी पूर्वीसारख्याच चरत राहिल्या. साठ चौकटी कुंपणात आल्या, साठ बाहेर राहिल्या. संशोधकाला अशी तुलना सहसा आयती मिळत नाही.

आकड्यांनी स्पष्ट उत्तर दिले. कुंपणातली पाणटिकली वर्षागणिक वाढली, बाहेरची होती तेवढीच राहिली.

याच आकड्यांवर माझ्या भाचीने, सुमेधाने, 'अनुमान' ही गणनप्रणाली उभी केली. तिचे तत्त्व अवघड नाही. एखादे फूल कुठे आढळले त्या जागा यंत्राला द्यायच्या. प्रत्येक जागेचे तापमान, उतार, मातीची जाडी, पाणी किती दिवस साचते, गुरे येतात की नाही, हेही द्यायचे. या सगळ्यांतून यंत्र त्या फुलाची आवड शिकते, आणि मग न पाहिलेल्या जागेबद्दल आणि न आलेल्या वर्षाबद्दलही शक्यता वर्तवते. अशा प्रणाली पूर्वीही होत्या, परंतु त्यांच्यामागे तीसेक वर्षांची, एकाच हाताने केलेली सलग मोजणी नव्हती. अनुमानचे अंदाज इतके खरे ठरू लागले की अधिवास कायद्यात त्याला पुराव्याचे स्थान मिळाले. एखाद्या वापरामुळे दुर्मीळ जात नष्ट होण्याची शक्यता अनुमानने नव्वद टक्क्यांहून अधिक दाखवली, तर तो वापर थांबवायचा.

२०४६ च्या श्रावणात वाळंजाईच्या सड्यासाठी आकडा आला, त्र्याण्णव टक्के: पाऊस लहरी होत जाईल तसे चराईखालचे, न वाढणारे फूल टिकणार नाही, असे यंत्राचे गणित होते. झोरेवाड्याची चराई बंद करून अकरा घरांना खाली तालुक्याच्या वसाहतीत हलवायचे, असा प्रस्ताव अधिवास मंडळापुढे ठेवला गेला. सुनावणी आश्विनात होती.

झोरेवाड्याच्या वतीने भागूबाई झोरे बोलणार होत्या. वय पासष्टच्या आसपास, घरात चौदा म्हशी. माझी चौकट खांद्यावरून वाहून नेण्याचे काम पहिली दहा वर्षे त्यांच्या नवऱ्याने केले होते. तो वारल्यावरही दुपारचे ताक त्यांच्याच अंगणात होई. नोटीस आली त्या दिवशी मी वर गेलो, तेव्हा त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली, ताक दिले आणि मगच विचारले की तालुक्यातल्या वसाहतीत म्हशी कोणत्या मजल्यावर ठेवायच्या, हे कागदात लिहिले आहे का.

त्यांचा राग माझ्यावर नव्हता, आणि त्यामुळे तिथे बसणे अधिक जड झाले.

सुनावणीपूर्वी सुमेधाला एक अखेरची पाहणी हवी होती. तोपर्यंत उडती यंत्रे केवळ चौकटींवरून फिरत असत. नवे यंत्र चतुर किड्याएवढे, एका थव्यात तीनशे. ते सगळा सडा विंचरून प्रत्येक पाणटिकलीची जागा बोटाच्या अंतराइतकी नेमकी टिपू शकत होते. थवा तीन दिवस फिरला. चौथ्या दिवशी सुमेधाने नकाशा पाठवला आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन शंभर ठिकाणे तपासायची विनंती केली. सोबत अनुमानची टीप होती: कुंपणाच्या आत फुले चार-चारच्या पुंजक्यांत, चौकोनी मांडणीत आहेत, संभाव्य कारण, लाव्हा थंड होताना खडकाला पडलेल्या भेगांचे जाळे.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तो नकाशा मोठा करून पाहिला. लाव्हा थंड होताना भेगा पडतात हे खरे आहे, परंतु त्यांतून पाच-सहा कोनांच्या आकृत्या होतात आणि बाजू सहसा समान नसतात. इथे प्रत्येक चौकोनाची बाजू एक मीटर होती. प्रत्येक चौकोन उत्तर-दक्षिण रेषेवर होता. निसर्ग होकायंत्र वापरत नाही.

मी चष्मा काढून ठेवला. चहा गार झाला होता.

सड्याचा खडक उंचसखल आहे. त्यावर लाकडी चौकट ठेवली की एक पाय अधांतरी राहतो आणि चौकट डुलते. केळुसकर बाईंच्या विद्यार्थ्यांची अडचण हीच होती. मी ती भूमापकाच्या पद्धतीने सोडवली. चौकटीच्या प्रत्येक पायाखाली छिन्नी-हातोड्याने वीतभर रुंद, तीन बोटे खोल अशी खाच कोरली, पाणसळ लावून पातळी पाहत तिचा तळ सपाट केला. चौकट दर वर्षी त्याच चार खाचांत बसे, केसभरही हलत नसे. एकशे वीस चौकटी, चारशे ऐंशी खाचा. बाईंनी खूश होऊन मला ती पद्धत लिहून काढायला सांगितली होती, आणि पुढे तिची पुस्तिका छापली गेली.

सपाट तळाच्या, तीन बोटे खोल, चार महिने पाण्याने भरलेल्या चारशे ऐंशी वाट्या मी सड्यावर ठेवल्या होत्या. पाणटिकलीला हवी तशीच जागा. ती त्यांत शिरली, वाढली, आणि खाचेचा बराचसा भाग चौकटीच्या आत येत असल्यामुळे मी तिला दर वर्षी इमानाने मोजत गेलो. वहीत कोपऱ्यांचा वेगळा रकाना नव्हता. बेरीज होती.

परंतु एवढ्याने कोडे सुटत नव्हते. खाचा कुंपणाबाहेरही होत्या. मग बाहेरची फुले का वाढली नाहीत?

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो आणि दक्षिण भागातल्या पहिल्याच चौकटीपाशी गुडघे टेकून बसलो. चारही खाचा दगडाच्या कपच्यांनी गच्च भरलेल्या होत्या. हे मला माहीत होते. बाहेरच्या खाचांत दर भाद्रपदात कपच्या सापडत, मी त्या काढून चौकट बसवीत असे. गुरे येता-जाता दगड लोटत असतील, असे मी धरून चाललो होतो. या वेळी पहिल्यांदा लक्षात आले की कपच्या निवडून, एकमेकींत अडकवून बसवलेल्या आहेत. म्हैस असे काम करत नाही.

भागूबाई म्हशी घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्यांना विचारले.

"म्या भरते की," त्या म्हणाल्या. "दर वरसाला, पाऊस पडायच्या आत. तुमच्या खड्ड्यात पारडीचा पाय मोडला होता, तुमास्नी सांगितलं होतं. तुमी उपसता, म्या भरते."

मी म्हणालो, "मला वाटलं, आपोआप पडतात दगड."

"आपोआप?" त्यांनी हातातली काठी खडकावर टेकवली. "दादा, एवढं शिकलेलं माणूस तुमी. दोनशे-अडीचशे खड्डं आपोआप भरत्यात व्हय? माझी कंबर मोडली त्यात."

म्हशीच्या त्या पारडीचे त्यांनी सांगितले होते. मला आठवले. मी नुकसानभरपाई देऊ केली होती, त्यांनी नाकारली होती, आणि विषय मिटला असे मी समजलो होतो. त्यांनी तक्रार केली नाही, खाचा बुजवून टाकल्या नाहीत, माझे कामही अडवले नाही. भरपावसात खाच भरलेली आणि माझ्या मोजणीपुरती रिकामी, असा हा व्यवहार आम्ही दोघांनी एकमेकांशी न बोलता सत्तावीस वर्षे चालवला होता. कुंपणाच्या आत पारड्या जात नव्हत्या, म्हणून तिथल्या खाचा उघड्या राहिल्या.

अनुमानने चराईचा परिणाम मोजलाच नव्हता. खाचा उघड्या आहेत की भरलेल्या, हे त्याने मोजले होते.

आठवडाभर मी थव्याच्या नोंदी घेऊन बसलो. कुंपणातल्या चौकटींत ४,२१२ रोपे होती. त्यांतली ३,१०४ खाचांमध्ये होती. ती वजा केल्यावर उरली ११०८. कुंपणाबाहेर, भरलेल्या खाचा सोडून, १२६१. फरक थोडा होता, आणि तोही उलट्या दिशेने. म्हशींच्या खुरांच्या ठशांत पाणी साचते, त्याचा तो परिणाम असावा. परंतु तसे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि पुराव्यावाचून बोलण्याची हौस आता उरली नव्हती.

शनिवारी सुमेधा कराडला माझ्या घरी आली. मी तिला कागद दिले. तिने ते दोनदा वाचले. लहानपणी गणपतीच्या सुट्टीत ती माझ्याबरोबर सड्यावर येई आणि मी मोजलेला आकडा मोठ्याने उच्चारून वहीत लिही. तिच्या हस्ताक्षरातली तीन वर्षांची पाने त्या नोंदींमध्ये आहेत.

"मामा, आकडे खोटे नाहीत," ती शेवटी म्हणाली.

"नाहीत. प्रत्येक फूल मी मोजलेलं आहे. मीच लावलेलं मोजलं, एवढंच."

त्यानंतर तिने जे सांगितले ते ऐकायची माझी तयारी नव्हती. अनुमान त्रेसष्ट सड्यांवर लागू होते. त्या बहुतेक सड्यांवरच्या चौकटी माझी पुस्तिका वाचून, बाविसाव्या पानावरची आकृती पाहून बसवलेल्या होत्या. म्हणजे खाचा सगळीकडे होत्या, आणि साचलेले पाणी हवे असणारी फुलेही. वाळंजाईचा आकडा पडला, तर बाकीचे बासष्ट आकडेही संशयात जाणार. त्यांतल्या कोलवणच्या सड्यावर बॉक्साइटची खाण काढायला एक कंपनी सहा वर्षे टपून बसली होती, आणि तिला अडवून धरणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे अनुमानचा आकडा.

"अकरा घरं एका बाजूला," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या बाजूला एक अख्खा सडा. त्याचं खडीत रूपांतर झाल्यावर तिथे मोजायलाही काही उरणार नाही. मामा, तुम्ही थोडं थांबलात तर? मी वर्षभरात प्रणाली दुरुस्त करते. मग सगळं एकदमच जाहीर करू."

"वर्षभरात झोरेवाडा उठलेला असेल."

"परत आणता येईल त्यांना."

"म्हशी विकून खाली गेलेली माणसं परत येत नाहीत, सुमेधा. तुलाही ते ठाऊक आहे."

तिने कागद पिशवीत घातले. सुनावणीत आपल्याला अनुमानची बाजू मांडावी लागेल, ती आपली नोकरी आहे, असे तिने सांगितले. मी काय करावे हे तिने सांगितले नाही. उंबऱ्यापाशी चपला घालताना तिने एवढेच विचारले, की ही खाचांची गोष्ट आणखी कोणाला माहीत आहे. मी म्हणालो, भागूबाईंना खाचा माहीत आहेत, त्यांचा अर्थ माहीत नाही.

हे खरे होते, आणि त्या रविवारभर मला त्याचाच त्रास झाला. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळले नसते. माझे नाव त्या मोजणीला दिलेले होते, 'तोडकर मालिका'. परदेशातल्या पुस्तकांतही ती याच नावाने छापली जात होती. कोलवणचा सडाही मी पाहिलेला होता. तिथली फुले मला या फुलांइतकीच प्रिय होती. तरीसुद्धा, जे खरे नाही ते चांगल्या कामाला येते म्हणून चालू द्यायचे, हे मला जमेना. पुलाचा एक खांब चुकीच्या पातळीवर उभा आहे हे कळल्यावर, वरून वाहने सुरळीत जात आहेत म्हणून भूमापकाने गप्प बसायचे नसते. आणि या पुलाखाली माणसे राहत होती.

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. आधी सुमेधाने नकाशे दाखवले. मग भागूबाई बोलल्या. त्यांचे म्हणणे थोडे होते: फुले त्यांच्या सासूच्या काळापासून तिथे आहेत आणि म्हशीही, दोघांचे भांडण झालेले त्यांनी पाहिलेले नाही. मागच्या बाकावरची काही मंडळी हसली. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, ते हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहूनही घेतले नाही.

मग मी उभा राहिलो. छिन्नी, पाणसळ, खाच, कपच्या आणि दोन वजाबाक्या एवढेच सांगितले. पंधरा मिनिटे लागली.

अध्यक्षांनी विचारले, "म्हणजे तोडकर, तुमची अडतीस वर्षांची मोजणी आम्ही बाजूला ठेवावी, असं तुम्हीच म्हणता?"

"होय."

"तिच्यात वापरण्याजोगं काहीच नाही?"

"फुलाला खाच आवडते, एवढं सिद्ध झालं आहे. त्यापलीकडे काही नाही."

अध्यक्ष सुमेधाकडे वळले. मी सांगितलेले खरे मानले तर अनुमानचा त्र्याण्णवचा आकडा टिकतो का, असा त्यांचा प्रश्न होता. तिला अनेक उत्तरे देता आली असती. अधिक अभ्यास हवा, एका सड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, प्रणालीला इतरही आधार आहेत. ती समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायली.

"टिकत नाही," ती म्हणाली. "या सड्यावर नाही. आणि हीच खाच जिथे जिथे कोरली आहे, तिथेही नाही."

झोरेवाड्याचा प्रस्ताव त्या दिवशीच रद्द झाला. पुढच्या महिन्यात अनुमानची पुराव्याची मान्यता स्थगित झाली आणि प्रकल्पाचे प्रमुखपद सुमेधाकडून गेले. कोलवणच्या खाणीवरची बंदी उठली. खाली वाहणाऱ्या झऱ्यांचा मुद्दा पुढे करून गावकऱ्यांनी न्यायालयातून तात्पुरती स्थगिती मिळवली, पण ती किती टिकेल हे आजही कोणी सांगू शकत नाही. मी केलेल्या कामाचा हिशेब मांडताना ही ओळ मला गाळता येत नाही.

सुमेधा दहा-अकरा महिने माझ्याशी बोलली नाही. बहीण फोनवर इकडचे तिकडचे बोले आणि तिचे नाव टाळी.

या भाद्रपदात तिचा फोन आला. ती सड्यावर चालली होती. पाय नसलेली चौकट, म्हणजे थव्याने हवेतूनच आखायचा प्रकाशाचा चौकोन, तिने तयार केला होता. खडकाला स्पर्श नाही, मोजणाऱ्याचे पाऊलही आत नाही. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना नव्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या होत्या. मी खाचा कोरलेल्या जागांपासून त्या मुद्दाम दूर ठेवल्या होत्या. तिला मी यायला हवा होतो. एक अट मात्र होती.

"तुम्ही सड्यावर उतरायचं नाही, मामा. तुमच्या बुटांच्या तळाला आजही बी असणार. झोरेवाड्यात बसा."

मी कबूल केले. पद्धत म्हणून तिचे म्हणणे बरोबर होते.

म्हणून त्या सकाळी मी भागूबाईंच्या अंगणात बसून होतो. समोर धुक्यातून सडा दिसत होता आणि त्यावर सुमेधा, एका जागी उभी, हातातल्या पाटीवर काहीतरी नोंदवत होती. अडतीस भाद्रपद मी तिथे ओणवा झालो होतो, आणि आता तीनशे पावलांवरून पाहत होतो. हात कुठे ठेवावेत ते कळेना. भागूबाईंनी ताक आणून ठेवले आणि पोरगी काय करते आहे ते विचारले. मी सांगितले की ती पहिल्यापासून मोजते आहे. म्हशींमुळे फुले वाढतात की कमी होतात, ते या वेळी नीट कळेल.

"कवा कळंल?"

"निदान पंधरा वर्षं लागतील."

त्यांनी माझ्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिले. गोठ्यातून एक पारडी दावे ओढत ओरडली. त्या उठल्या, दावे सोडले, तिला सड्याच्या दिशेने वळवून पाठीवर थाप मारली.

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "आमी हाय की हितं. तुमी नसला तर पोरीला काय दिसलं ते आमी सांगू."